आजीनं थुंकलेला कंद

माझी नात वनस्पतींवर संशोधन करते. करमाळ्याकडच्या माळावर तिला कंदीलपुष्पाची सात झाडं सापडली. फूल ओळखीच्या जातीसारखंच, फक्त पाकळ्यांच्या कडेला लव जास्त. ही नवी जात आहे, असं तिनं शोधपत्रिकेला लिहून पाठवलं. उत्तर आलं, एवढ्याशा लवेनं जात बदलत नाही, जमिनीखालचा फरक दाखवा. झाडं सातच, त्यातलं एक उपटायला पोरीचा हात धजेना. आठवडाभर धड जेवली नाही.

मग तिला आठवलं, एम.एस्सी.ला असताना मीही त्याच माळावरून नमुने आणले होते. कॉलेजच्या संग्रहात मी झाड वाळवून चिकटवलेला जुना कागद होता, त्याचा फोटो काढून ती घरी आली.

"आजी, हे माझंच झाड आहे. कंद कुठंय?"

"कापला. कंदानं कागद फुगतो की. माझे कागद वर्गात सगळ्यांत सपाट असायचे."

"आणि कापून?"

"खाल्ला. म्हणजे थुंकला. कडू होता."

ती थबकली. ओळखीच्या जातीचा कंद गोड असतो, गुराखी खातात.

मी ट्रंकेतून जुनी वही काढली. दोन वेण्या, डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यात पाठ केलेली लॅटिन नावं, अशी मी त्या माळावर उतरले होते. एका धनगरबाईनं दोन झाडं माझ्यापुढं धरली. "ही थोरली, ही धाकली. भैनी हायती, पर एक न्हायती." थोरलीला गोल कंद येतो, धाकलीला बोटं, आणि तिला शेळीबी तोंड लावत न्हाय, असं तिचं म्हणणं. दोन्ही एकच, असं मी तिला समजावलं. वर मैत्रिणींना हसवायला तिचा हात वहीत काढला, हातातून लोंबणारी बोटांसारखी मुळं काढली आणि खाली लिहिलं, 'अडाणी बाईचं वर्गीकरण'. शेजारी शेरा: 'कडू. बहुधा किडका.'

दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर गेलो. मी छत्री धरली. नातीनं एका झाडाची एकाच बाजूची माती ब्रशनं हळूहळू सारली. पाच बोटं दिसली. तिनं मोजली, फोटो घेतले, माती पुन्हा लोटली आणि आपल्या बाटलीतलं सगळं पाणी तिथं ओतलं.

या वेळी होकार आला. झाडाला त्या बाईंचं नाव द्यायचं, असं पोरीच्या मनात होतं. मी वही चाळली. शेळ्यांचे रंगसुद्धा लिहिले होते, बाईचं नाव विचारलंच नव्हतं.

मग तिनं स्थानिक नावाच्या रकान्यात लिहिलं: धाकली.