आधी त्यायचं होऊ द्या

स्टाफरूममध्ये कोणी कैरीच्या फोडी आणल्या की आमचे सर त्यातली एक उचलायचे. खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट करून पाहायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि फोड जशीच्या तशी बशीत परत ठेवायचे. "आधी त्यायचं होऊ द्या," एवढंच म्हणायचे. मग सरांनी हुंगलेली ती फोड कोणी खायची यावर वाद व्हायचा आणि शेवटी ती माझ्याकडे यायची, कारण आंब्याच्या बाबतीत मला लाज अशी नाहीच.

'त्यायचं' म्हणजे वैनगंगेच्या पलीकडे, आष्टीच्या पुढे जंगलात असलेल्या एका गोंड गावाचं. त्या गावात मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण झाल्याशिवाय कोणी नव्या कैरीला तोंड लावत नाही. आधी पेनांना, म्हणजे त्यांच्या देवांना द्यायची, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, आणि मग जिवंत माणसांनी खायची. सर ना त्या गावचे, ना त्या जमातीचे. ते ब्रह्मपुरीकडचे धान पिकवणाऱ्या घरातले, आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तरी त्या सणाआधी त्यांच्या घरात लोणच्याची कैरीसुद्धा चिरायची सोय नव्हती.

मी त्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितके तुमचे, उन्हाळ्याची सुटी लागली की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. शिवाय मी वाढले सिमेंटच्या कारखान्यांच्या गडचांदूरला. आमच्या घरासमोरच्या झाडाचं पान ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय हिरवं दिसत नसे. तेव्हा झाडांशी माझी ओळख जुजबीच. अशा बाईकडे सर एक दिवस आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, कैरीत कोय कवा धरते अन् लोकं ती कवा खातेत, हे मले एकाच जागी बसवून पाहायचं हाये. कोयीचं मी पाहतो. लोकायचं तुमी पाहा."

"अन् देवाचं कोण पाहील, सर?"

"देव दोघायच्या मंधात राहू द्या. एकट्याले कोणालेच नाई झेपणार तो."

अशी आमची भागीदारी सुरू झाली. पुढे सर आमची ओळख करून देताना नेहमी म्हणायचे, "झाडं माही, माणसं यायची, देव सामायिक." एका शहरातल्या चर्चासत्रात त्यांनी हे व्यासपीठावरून सांगितलं तेव्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांनी आम्हाला प्रेमाने समाजशास्त्राच्या हॉलमध्ये पाठवलं, समाजशास्त्रवाल्यांनी धर्माच्या अभ्यासकांकडे, आणि तिथल्या अध्यक्षांनी विचारलं की कोयीची एवढी चित्रं कशाला. सर जराही खट्टू झाले नाहीत. जेवणाच्या रांगेत ते खुशीत मला म्हणाले, "तिन्ही हॉल फिरून झाले, मॅडम. बाकीच्यायले एकच पाहाले भेटला."

सरांबरोबर जंगलात जाणं म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. ते सापाच्या भीतीने घोट्याच्या वर येणारे, लांब नाड्यांचे बूट घालायचे. आणि झाडाखाली मांडलेले दगड दिसले की बूट काढल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. आता त्या भागात झाडाखाली दगड कुठे नसतात? सर उकिडवे बसून नाड्या सोडायचे, पुढे होऊन हात जोडायचे, परत येऊन नाड्या बांधायचे. मी कितीदा सांगितलं, "सर, चपला घाला." ते म्हणायचे, "अन् साप?" एकदा असेच बूट काढून त्यांनी मोठ्या भक्तिभावाने एका दगडाला नमस्कार केला. मी जवळ जाऊन पाहिलं, तर तो वनखात्याने रोवलेला हद्दीचा दगड होता. मी हसून हसून खाली बसले. सर शांतपणे नाडी बांधत म्हणाले, "असू द्या. कोणाच्या तरी हद्दीत आलोच ना आपण."

पण त्यांची खरी फजिती झाली ती पहिल्या उन्हाळ्यात. आम्ही तेव्हा एक नाही, बरीच गावं फिरत होतो. सरांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं की ज्या गावात काम, त्या गावाची रीत पाळायची. ऐकायला छानच वाटलं. अडचण अशी की पंडुम सगळ्या गावांचं एका दिवशी नसतं. गाव बसतं, ठरवतं, मग करतं. एका गावाचं झालं, सर कैरी उचलणार, तर दुसऱ्याचं व्हायचं होतं. दुसऱ्याचं झालं, तर तिसऱ्या गावात गायता, म्हणजे पूजा करणारे वडीलधारे, परगावी पाहुणे म्हणून गेले होते. ते आले तेव्हा चौथ्या गावात लग्नं सुरू होती. बाजारात आंबे आले, पिकले, स्वस्त झाले, संपले. सरांनी एक फोड चाखली नाही.

सरांच्या बायकोने माझ्याकडे तक्रार केली. "लोकायचे नवरे शुगर वाढली म्हणून आंबा सोडतेत. माह्या माणसाले काई नाई झालं, तरी उपाशी हाये. बरणी रिकामी ठेवली मी यंदा. तुमी तरी सांगा त्यायले."

मी काय सांगणार? भागीदार म्हणून ती रीत मलाही लागू होती. मी घरी दार लावून खात होते, हा भाग वेगळा.

शेवटी ही गोष्ट त्या आष्टीपलीकडच्या गावात कळली. गायता आधी गोंडीत काहीतरी बोलले, त्यावर सगळी बैठक हसली. बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग ते सरांना मराठीत म्हणाले, "मास्तर, त्या गावचे पेन तुले वळखत बी नाई. त्यायच्यासाठी तू काऊन उपाशी राह्यला? एक गाव धर अन् त्याचं पाळ."

सर ओशाळून हसले. "मंग माहं गाव कोणतं, भाऊ?"

"बसला कुठी हायेस आता?"

"इथी."

"मंग इथचंच."

परत येताना सर गाडीत माझ्या शेजारी होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "पाहा मॅडम, एवढी वर्षं नोकरी केली, घर बांधलं, पण कोणी असं गाव नव्हतं देल्लं मले." हे ते हसत हसतच म्हणाले. त्या दिवसापासून 'त्यायचं' म्हणजे याच गावाचं.

त्याच बैठकीत गायतांनी आणखी एक गोष्ट विचारली होती. "तुमी लोकं येता, इचारता, लिहून नेता. मंग आमाले कवा सांगता?" सरांनी तिथल्या तिथे शब्द दिला की छापायच्या आधी गावाला सांगू, गावाने ऐकल्याशिवाय बाहेर कोणाला देणार नाही. गायतांनी विचारलं, "मरकासारखं?" सर म्हणाले, "मरकासारखंच."

मी तेव्हा मान डोलावली. तेव्हा मान डोलवायला काही लागत नव्हतं.

दोन उन्हाळ्यांनी लेख तयार झाला. सरांचं म्हणणं असं निघालं की गाव पंडुम करतं तोवर बहुतेक झाडांवरच्या कैरीत कोय टणक झालेली असते, म्हणजे खाऊन फेकली तरी रुजायची आशा असते. तो दिवस कोण ठरवतं आणि कसं, हे माझं. एका नावाजलेल्या नियतकालिकाच्या विशेषांकात लेख घ्यायची तयारी संपादकांनी दाखवली, फक्त महिनाअखेर हवा होता. आणि मे महिन्यात माझी मुलाखत होती, कायमच्या नोकरीची. असा एक लेख नावावर असला तर आपलं पारडं जड होईल, हे मला आणि समोर बसणाऱ्यांना, दोघांनाही ठाऊक होतं.

पंडुमच्या दिवशीच गावाला लेख सांगायचा असं ठरलं होतं. दिवस जवळ आला आणि गायतांची भावजय वारली. तिचं सगळं होईपर्यंत पंडुम होणार नव्हतं. महिना तर संपत आला होता.

मी सरांच्या घरी गेले आणि सरळ भांडले. म्हटलं, "सर, तुमची नोकरी पक्की आहे, म्हणून तुम्हाला थांबणं परवडतं. गाव काही नाही म्हणणार नाही. आपण नंतर जाऊन सांगू."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं चुकीचं नाई, मॅडम. तुमच्या पोटाचा प्रश्न हाये. असं करा, माहं नाव काढा अन् तुमी पाठवून द्या. कोयीचं सगळं तुमाले देल्लं मी. माह्या मनात काई राहणार नाई, खरंच. मी फक्त थांबतो."

भांडायला आलेल्या माणसाला असं मोकळं सोडू नये. घरी येऊन मी सरांचं नाव काढलं, लेख जोडला, आणि पाठवायच्या बटणापाशी येऊन बसले. लेखात जागोजागी त्या फोडीचा वास होता, खिडकीपाशी उजेडात धरलेल्या. मला सरांचा इतका राग आला की मी त्यांचं नाव पुन्हा टाकलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

विशेषांक आमच्याशिवाय निघाला. पंडुम झालं तेव्हा आम्ही गेलो. मोहाच्या झाडाखाली गाव बसलं होतं. सर मराठीत सांगत होते आणि गावातल्या अंगणवाडीच्या ताई गोंडीत. सरांच्या एका वाक्याची ताई पाच वाक्यं करायच्या आणि लोक हसायचे. सर मध्येच थांबून विचारायचे, "मी एवढं बोल्लो का, ताई?" ताई म्हणायच्या, "नाई सर, पण बोलाले पायजे होतं."

सगळं सांगून झाल्यावर गायता म्हणाले, "कोयीचं बरोबर असन, मास्तर. पण आमी कोयीसाठी नाई थांबत. माह्या बापानं नाई खाल्लं अजून, तं मी कसा खाऊ?"

"तुमचे वडील..."

"गेले ना. म्हणूनच तं. जिवंत असते तं स्वतः तोडून खाल्ली असती."

 सर माझ्याकडे वळून इतक्या आनंदाने हसले की मी तिथेच माझा सगळा राग विसरले. "मॅडम, आपला लेख अर्धाच होता," ते म्हणाले. मग गावाने त्यांच्या हातावर कैरीची फोड ठेवली. त्यांनी सवयीने उजेडात धरली, वास घेतला, आणि परत ठेवायला बशी शोधू लागले. ताई म्हणाल्या, "खा ना सर आता." आंबट कैरीने माणसाचं तोंड वाकडं होतं, सरांचं मात्र तसं काही झालं नाही.

मुलाखतीत माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. तेव्हा लेख छापून आला होता, गायतांचं उत्तर शेवटी जोडून. दोन्ही नावं होती, माझं आधी. ते सरांनी मला न विचारता केलं होतं.

निवृत्तीनंतर सर मुलीकडे नाशिकला गेले. दर उन्हाळ्यात मुलीचा मला फोन यायचा. "मावशी, इथं घरात हापूसची पेटी पडली आहे आणि बाबा हात लावत नाहीत. तुमच्याकडचं झालं का, विचारतायत." मग मी अंगणवाडीच्या ताईंना फोन लावायचे, आणि ताईंनी झालं म्हणेपर्यंत नाशिकला एक माणूस पेटीजवळ बसून राहायचा. मी एकदा म्हटलं, "सर, हापूसचा अन् आपल्या गावच्या पेनांचा काय संबंध?" ते म्हणाले, "पेनाचा नसन, माहा हाये."

मागच्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच. मला फार रडू आलं, आणि मग उन्हाळा लागल्यावर पुन्हा आलं, कारण फोन आला नाही.

यंदा मी पंडुमला एकटीच गेले. गायता आता बरेच थकलेत. त्यांनी पेनांचं केलं, मग पळसाची पानं मांडून गेलेल्या माणसांच्या नावाने फोडी ठेवायला सुरुवात केली. बापाचं पान, आईचं, भावजयीचं. घरची पानं संपली तरी त्यांनी जरा बाजूला आणखी एक मांडलं. मी ताईंकडे पाहिलं. गायतांच्या ते लक्षात आलं.

"मास्तरचं," ते म्हणाले. "लय वर्षं आपल्यासंगं थांबला. आता तो आपल्या आधी खाते."

तोवर कोणीतरी माझ्याही हातात फोड दिली होती. ती मी उजेडात धरून उलटसुलट पाहिली, डोळे मिटून वास घेतला, आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.