पापण्यांचा मासा

सत्यभामाबाईंचं कुणाबद्दल फारसं चांगलं मत नसे, आणि साहेब लोकांबद्दल तर नव्हतंच. कारध्याच्या पुढे वैनगंगेच्या काठावर एका लहानशा गावात त्या पहिलीला शिकवायच्या. वर्गात वीस पोरं. निम्मी धानवाल्यांची, निम्मी नदीवर जाळं टाकणाऱ्या ढिवरांची.

१९७९ च्या फेब्रुवारीत त्यांना भंडाऱ्याला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. चित्रांच्या पुस्तकावरून पोरांकडून सोप्या वस्तू कशा करून घ्यायच्या, हे तिथं शिकवणार होते. शिकवणारे पाहुणे बाहेरगावचे. त्यांनी माशाच्या गोष्टीचं एक रंगीत पुस्तक उघडलं, चकाकीचा कागद कापला, कापूस लावला, डिंक लावला आणि मासा वर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी विचारलं, "पहिलीचा वर्ग तुम्ही किती वर्षं घेतला?"

पाहुणे हसले. "आम्ही शिक्षकांना शिकवतो, बाई."

"वाटलंच," म्हणून बाई खाली बसल्या.

निघताना प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक आणि एक हुकूम पडला. महिन्याअखेर जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी वीस मासे पाठवायचे. चकाकीचा कागद कुठून आणायचा, तर "स्थानिक पातळीवर मिळवा." बाईंच्या स्थानिक पातळीवर एक पानठेला होता आणि एक पिठाची चक्की.

तरी हुकूम तो हुकूम. बाईंनी पाठकोऱ्या कागदांवर पुस्तकातला मासा स्वतःच काढला. हसरं तोंड, लांब पापण्या, एकसारखे वीस. पोरांनी नुसते रंगवायचे. सगळी खाली मान घालून बसली. जिजा नावाची ढिवराची पोरगी मात्र हात बांधून बसली होती.

"तू काहून बसून राहिलीस?"

"माशाले पापण्या नसतेत, बाई."

"पुस्तकात आहेत ना."

"पुस्तकात असन जी. माशाचे डोळे मेल्यावरबी उघडेच रायतेत."

बाईंनी पुस्तक उचलून पाहिलं. चित्रं काढणाऱ्यानं मासा ताटाबाहेर कधी पाहिलेला नव्हता, हे उघड होतं. आणि आपण त्याची वीसदा नक्कल केली. तीन दिवस ज्यांना मनात नावं ठेवली, त्यांचंच काम आपण इमानानं करत होतो, या विचारानं त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी सगळे कागद गोळा केले आणि घरी नेऊन चुलीत घातले.

दुसऱ्या दिवशी पोरांना घरून जे मिळेल ते आणायला सांगितलं. कुणी धानाचं तूस आणलं, कुणी कोळसा, कुणी पळसाची फुलं. जिजानं पानाच्या द्रोणात रोहूचे धुतलेले खवले आणले. डिंकाऐवजी शिळ्या भाताची खळ. बाईंनी गोष्ट पुन्हा वाचली, चित्रं दाखवली, मग पुस्तक मिटलं. "आता आपापला मासा करा."

जिजाचा मासा जाळ्यात होता आणि त्याच्या पोटात अंडी दिसत होती. तुलाराम हा शेतकऱ्याचा पोरगा. त्याचा मासा पाणी भरलेल्या शेताच्या बांधीत, धानाच्या मुळांमधून पोहत होता, कारण पावसाळ्यात त्यानं मासा पाहिला तो तिथंच. एका पोरानं नुसतं शेपूट चिकटवलं. बाकीचा म्हणे पाण्यात आहे.

मुख्याध्यापक पुंडलिकराव नाकाला रुमाल लावून आले. "हे पाठवता, बाई? वास येते याले. शाळेचं नाव खराब होईल."

"नाव कुणाला माहीत आहे, खराब व्हायला?"

प्रदर्शनात बाईंचे मासे दाराआड, झाडूच्या शेजारी टांगले होते. पहिला नंबर दुसऱ्या एका शाळेच्या वीस चकाकत्या माशांना. एकाच कात्रीचे, एकाच हाताचे, वीसही हसरे. बक्षीस देणाऱ्या साहेबांना बाईंनी गाठलं.

"हे पोरांनी केले?"

"किती सफाई आहे, बघा ना."

"सहा वर्षांच्या वीस पोरांचा हात एकच कसा?"

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्हाला टीकाच फार सुचते. तुमच्या कामाला वास येतो, बाई."

"माशाला येतोच. तुमच्याला डिंकाचा येऊन राहिला."

बाईंनी आपले मासे उतरवले, पदराखाली धरले आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात जिजानं विचारलं, "आपला नंबर आला का जी?"

"नाही."

"काहून?"

"ज्यानं नंबर दिला, त्याले मासा माहीत नाही."

जिजा थोडा विचार करून म्हणाली, "मंग त्याले दाखवाचा होता."

बाईंच्या लक्षात आलं, आपण भांडायला गेलो होतो. दाखवायचं आपल्याला सुचलंच नव्हतं.

त्यानंतर तपासणीला कुणी साहेब आले की बाई त्यांना पोरांच्या तरटाच्या पट्टीवर बसवत, पुढ्यात खळ आणि तूस ठेवत. एकानं खरंच मासा केला. बाकीच्यांनी घड्याळं पाहिली. दोन वर्षांत बाईंची बदली जिल्ह्याच्या टोकाला, लाखांदूरला झाली. 'असहकारी वृत्ती' असा शेरा कागदावर होता. बाईंनी तो वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. जिजाची शाळा चौथीनंतर सुटली, हे त्यांना पुढे कळलं. 

१९८७ ला त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात एक साहेब त्यांना मायाळू म्हणाले. बाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि पाचची एसटी गाठायला उठल्या.