डाव्या हाताची तर्जनी

ते पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधी सांगून टाकतो.

२००० नंतरची ती वर्षं. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू कारखान्यांतल्या बायकांची संघटना आम्ही बांधत होतो. मी तेवीस-चोवीसचा. पत्रक काढलं की प्रश्न अर्धा सुटतो, अशी माझी ठाम समजूत. पायाने दाबायच्या यंत्रात काजू फोडताना पातं बोटात शिरायचं, आणि त्या जखमेत टरफलाचं जाळणारं तेल. बाई सरकारी दवाखान्यात गेली की केसपेपरवर तीन शब्द: 'हाताला किरकोळ जखम'. कुठला हात, कुठलं बोट, कशाने, कुठे, काही नाही. महिन्याच्या तक्त्यात सापाला रकाना, विंचवाला रकाना, कुत्र्याला रकाना. काजूच्या यंत्राला नाही. ते 'इतर'मध्ये. घरटी एक बाई काजूवर जाते त्या गावांत, 'इतर'!

म्हणून मी पत्रक काढलं: दवाखान्यात काय सांगाल? खाली नमुना: 'कारखान्यात काजू फोडताना यंत्रात डाव्या हाताची तर्जनी कापली.' जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर फणसाखाली बसून वाचून दाखवलं. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. मी एक ओळ वाचायचो की देवळातल्या गाऱ्हाण्याला देतात तशी साद यायची, "व्हय म्हाराजा!" आणि हशा.

"हसू नका. पाठ करा," मी म्हटलं.

"पाठ झाला रे झिला," एक काकी म्हणाली. "आता हात तेवढो कापूचो ऱ्हवलो."

पंधरा दिवसांत तिचाच कापला. डावा अंगठा, पेराशी. तेल आत गेलं, नख गेलं, जखम भरली ती अंगठा ताठ करून. ना काजू फोडता येईना, ना साल काढता येईना. तिचं मागणं एवढंच होतं: निवडीच्या खोलीत बसवा, पांढरे काजू वेगळे करते. मॅनेजर म्हणाला, जखम इथलीच असल्याचा कागद आण, नाहीतर घरी बस.

कागद होता, दवाखान्यातला केसपेपर. मी ताठ मानेने तिच्याबरोबर गेलो. मॅनेजरने तो वाचला आणि तिला म्हणाला, "तर्जनी वाकवून दाखवा."

तिने वाकवली. छान वाकली.

"अंगठा तुमचा घरी विळीवर कापला असेल."

बाहेर येऊन मी ओरडलोच. "काकी, कापलो तो आंगठो मा?"

"आंगठोच. पण तू छापलंस तसाच सांगलंय. छापलेला बदलूचा कसा? आणि आंगठो दिसता मा डॉक्टरांका. डोळे नाय हत?"

डोळे होते. पण डॉक्टरांपुढे रांग होती, जखमेवर फडकं होतं, आणि फडकं सुटलं ते पलीकडे नर्सच्या टेबलावर. तिच्या तोंडून आलं ते डॉक्टरांनी शब्दन् शब्द उतरवलं. बायका सांगतात तसं लिहा, म्हणून त्यांच्याशी भांडून आलो होतो मीच.

दुरुस्तीला गेलो, तर ते म्हणाले, "जखम भरल्यावर बोट बदलून देऊ? खाडाखोड माझ्या अंगावर येईल." मजूर कार्यालयात साहेबांनी चार बायकांचे चार केसपेपर टेबलावर ओळीने मांडले. चौघींचं एकच वाक्य. चौघींची डाव्या हाताची तर्जनी.

"छान पाठ करून घेतलंत हो," ते म्हणाले.

खरोखर तर्जनी कापलेलीही एक होती त्यांत. तीही खोटी ठरली.

काकीला कारखान्याच्या कचेरीत काम सोडल्याच्या कागदावर सही करायला बोलावलं. सही म्हणजे बाईचा डावा अंगठा. कारकुनाने शाई लावून दाबला, मधोमध पांढरी भेग उमटली. पुन्हा दाबला. पुन्हा भेग. तिसऱ्यांदा तिने स्वतःच दुसऱ्या हाताने तो धरून टेकवला. मग कारकुनाने ठशाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'डाव्या अंगठ्याचा ठसा, यंत्राच्या जखमेमुळे अस्पष्ट.'

हात, बोट, कारण. मला हवी होती तशी नोंद.

मी प्रत मागितली. "फायलीतले कागद बाहेर देत नाहीत," कारकून म्हणाला, आणि फाईल कपाटात ठेवली. काकी पदराला बोट पुसत होती. शाई निघत नव्हती.

"चल रे झिला," ती म्हणाली. "माका हयसर आता काय काम?"

उरलेली पत्रकं बरीच वर्षं माझ्याकडे होती.