माळवदाची माती

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी शिकवतो, तिथं पर्यावरणाचा धडा दोन तासांत उरकायचा असतो. 'हरित अर्थव्यवस्था : विकसित देश, विकसनशील देश' असा तक्ता फळ्यावर काढायचा, पोरं तो घोकतात आणि विसरतात. मलाही त्यापलीकडं त्यात रस नव्हता. पण युरोपातून एक वास्तुतज्ज्ञ बाई लातूरला आल्या. त्यांना मातीची घरं बांधणारा जुना गवंडी हवा होता, आणि मी फुशारकीनं सांगून बसलो, "माझे वडीलच आहेत की!"

आप्पा औशाजवळच्या आमच्या गावातले गवंडी. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छप्पर, यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. भूकंपात ती घरं कोसळली, गावातली बरीच माणसं गेली. त्यानंतर आप्पांनी थापी हातात धरली नाही. पुढं माझ्याकडं लातूरला आले. उन्हाळाभर तापलेल्या स्लॅबखाली कूलरसमोर बसून असतात, आणि कामाचा विषय काढला की उठून जातात. मला ते बघवत नव्हतं. वाटलं, परक्या मुलखातल्या माणसानं तोंडावर कौतुक केलं तर गेलेला मान त्यांना परत मिळेल. मूर्खपणाच, दुसरं काय.

बाई आल्या, आप्पांसमोर सतरंजीवर बसल्या. मी दुभाषा. त्या सांगत होत्या, सिमेंट बनवताना हवेची पार वाट लागते, आमच्याकडं लोक आता पुन्हा मातीकडं वळलेत, तुमच्यासारख्या कारागिरांना तिथं मोठी किंमत आहे. मी ते तिखटमीठ लावून मराठीत सांगितलं. आप्पा हसले. भिंतीत दगड कसा बसवायचा, ते त्यांनी हातानं करून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! मला भरून आलं.

मग बाईंनी विचारलं, घर इतकं गार राहायचं, तर छपरावर मातीचा थर केवढा असायचा?

आप्पांनी बसल्या जागीच हात जमिनीपासून वर उचलला, पार छातीपर्यंत.

"आधी येवढा नसायचा. दरसाल मिरगाच्या आधी लोकं बोलवायचे, गळून राह्यलंय म्हनायचे. मी म्हनायचो, टाका अजून चार पाट्या. जुनी माती काढायला लई दिस लागतात, म्हनून ती काढा असं कदी म्हनलो न्हाई. शेजारच्या घरावर भूकंपाच्या साली म्याच टाकली. पाच मानसं व्हती आत."

उचललेला हात त्यांनी खाली घेतला.

"इचार बाईला, त्यांच्याकडं भुई हलती का?"

बाई वही उघडून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी त्यांना इंग्रजीत एवढंच सांगितलं, की साधारण दीड-दोन फूट.