शेवटचा चमचा

बहीण चार वर्षांची होती आणि न कळून ओळीत पुढे जाऊन उभी राहिली होती. तिला तिथून ओढून मागे आणणारा मीच.

झरी गावाच्या पलीकडे आमचं गाव. बालवाडी शाळेच्याच ओट्यावर भरायची आणि अधूनमधून नर्सबाई लहान पोरांसाठी डोळ्यांचं औषध घेऊन यायच्या. पिवळं, तेलकट, थोडं गोड. बाटली एक, चमचाही एक. म्हणून हेडगुर्जींनी ओळ ठरवून दिली होती. आधी गावातली पोरं, मग आमच्या बौद्धवस्तीतली. आमच्या तोंडाला लागलेला चमचा परत गावाच्या तोंडाला लागायला नको. बाई पुढच्यांना काठोकाठ भरून पाजायच्या. आमच्यापर्यंत येईतो बाटली उलटी करून झटकावी लागायची.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचं वर्ष होतं. वस्तीतली मोठी माणसंसुद्धा गावातून खाली मान घालून जायची. बहिणीला गोवर येऊन गेला होता. दिवसा उन्हात ती डोळे झाकायची आणि दिवस मावळला की चाचपडत चुलीकडे यायची. मायनं मला बजावलं होतं, "तिला औषध पाजल्याबिगर घरी आणू नको."

बहीण पुढे उभी राहिलेली पाहून हेडगुर्जी नुसते खाकरले. मला त्यांच्या हातातली छडी दिसली. मी तिच्या झग्याला धरून तिला मागे ओढलं.

"आपली जागा तिकडं हाय," मी म्हणालो.

तिची पाळी येण्याआधी बाटली संपली. "पुढच्या खेपेला," बाई म्हणाल्या. पुढची खेप आली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडून तो डोळा गेला होता.

मोठा होऊन मी आरोग्यसेवक झालो. लोकांना वाटलं, पोरगा सेवेला लागला. मला तो चमचा हातात पाहिजे होता, एवढंच खरं.

नामांतर अजून झालं नव्हतं तेव्हाच नेमणुकीत आमचं गाव माझ्याकडे आलं. औषधाच्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर बसलो. हेडगुर्जी आता निवृत्त झाले होते. ते नातवाचं बोट धरून आले आणि सवयीनं त्याला ओळीत सगळ्यात पुढे उभं केलं. पोराला नुकताच गोवर येऊन गेला होता. ऊन सहन होईना म्हणून तो डोळ्यांवर हात धरत होता. हे कशाचं लक्षण, ते मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

"ओळ आज मागून सुरू होणार," मी म्हणालो.

गुर्जींनी मला ओळखलं. "अरे, तू आपल्याच शाळेतला ना? लय मोठा झालास की!"

"तुमचीच शिकवण, गुर्जी."

वस्तीतली पोरं प्यायली, मग गावातली. नातू शेवटी राहिला. मी चमचा भरून पुढे धरला.

"तेवढा धुऊन घे की बाबा," गुर्जी हळूच म्हणाले.

"धुतला की औषध पातळ होतंय."

खोटं होतं. उकळलेल्या पाण्याची किटली माझ्या गुडघ्यापाशीच होती. गुर्जींनी किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोराला उचलून निघून गेले. मी चमच्यातलं औषध बाटलीत परत ओतून बूच लावलं. घरी जाताना सायकलवर मी शीळ घातली.

बहीण दारात तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. "लय जिरवलीस दादा म्हाताऱ्याची!" मग तिचं सूप थांबलं.

"पोरगं ऊन बघून डोळे झाकायलंय म्हणतोस?"

"हो."

"मंजी तू अजून एकाला मागं वढलंस."

मी झगा ओढला होता, ते तिच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गुर्जींच्या दारात गेलो. त्यांना माफ केलं नव्हतं. पोरगं उंबऱ्याशी डोळे चोळत बसलं होतं. शेजारच्या आडावर बायका पाणी शेंदत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "गुर्जी, औषध आणलंय. चमचा कालचाच हाय. अन् पाजायचं तुमच्या हातानं."

"समद्यांदेखत?"

"आमचं बी समद्यांदेखतच व्हायचं."

आडावरचा रहाट थांबला. गुर्जी पोराकडे बघून म्हणाले, "काल सांजंला ह्याला ताट दिसंना." त्यांनी चमचा घेतला. आडावरच्या बायकांकडे बघता बघता निम्मं औषध धोतरावर सांडलं. मी पुन्हा भरून दिलं. पोरानं चमचा चाटूनपुसून घेतला आणि आणखी मागितलं.

पोराचे डोळे वाचले.

तो चमचा मी घरून निघताना उकळून घेतला होता. हे गुर्जींना मी सांगितलं नाही. ते वारले तोवर सांगितलं नाही. वस्तीतल्या सगळ्या पोरांचं उष्टं आपण आपल्या हातानं नातवाला चारलं, हे मनात घेऊनच ते गेले. बहीण म्हणते, सांगायला पाहिजे होतंस. असेल. पण तिच्या डोळ्यातलं फूल दिसलं की वाटतं, बरं झालं नाही सांगितलं.