पाठ फिरवून बसणारे भाऊ

भाऊंचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. पाठ मात्र लगेच आठवते. खाकी शर्टातली, घामाचे पांढरे डाग पडलेली, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उकिडवी बसलेली पाठ. त्यांच्या मागे गोणपाटावर मारलेल्या पाखरांचे वाटे मी मांडलेले असायचे आणि वाट्यांजवळ मी उभा. मी एका वाट्याकडे बोट करून विचारायचो, "हा कोणाचा?" भाऊ मागे न बघता एक नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा वाटा. आमच्याकडे खेड्यात मटणाचे वाटे असेच पडतात. वाटा बघणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही आणि नाव घेणाऱ्यानं वाटा बघायचा नाही, म्हणजे भांडण नको. भाऊंइतक्या श्रद्धेनं पाठ फिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका गावात मी तेव्हा शाळेवर होतो. भाऊ तिथले शेतकरी. काळी कसदार जमीन, विहिरीवर संत्र्याची पंधरा-वीस झाडं, आणि पीक राखायला म्हणून मिळालेली परवान्याची बंदूक. तिसरा गडी म्हणजे ठेकेदार, रस्त्यांची कामं घेणारा. तो अमरावतीहून रविवारी जीपनं यायचा, तेव्हा एक बंदूक त्याचीही असायची. तितर आणि लावे मारायला कायद्यानं तेव्हाही बंदीच होती. आम्ही तिला भीक घालत नव्हतो. मी मास्तर असून घालत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं याहून वाईट सांगायचंय.

भाऊंचे शिकारीचे कायदे सरकारच्या कायद्यापेक्षा कडक होते. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही. "झोपलेल्या माणसाचा खिसा कापाचा का मंग?" असं ते विचारायचे. माघ लागला, पाखरं जोडीनं फिरू लागली, की बंदूक खुंटीला. दोन बार एकाच वेळी वाजले आणि पाखरू पडलं, तर ते दुसऱ्याचं म्हणायचं. "तुमचं व्हय, असं म्हटल्यानं आपलं तोंड काई झिजत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जखमी पाखरू कपाशीच्या पऱ्हाटीत घुसलं तर ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही. एकदा एका लाव्यासाठी त्यांनी आम्हाला भर दुपारी तासभर काट्यांतून फिरवलं. ठेकेदार शिव्या देत होता आणि भाऊ वाकून एकेक झाड बाजूला करत होते.

आणि सगळ्यात मोठा कायदा वाट्याचा. "ज्याच्या वावरात पाखरू पडलं, पयला वाटा त्याचा. त्यानं मांगो का नको मांगो." मग वावरवाला गावात नसला तरी भाऊ त्याच्या घरी वाटा पोचवायचे. घरात माळकरी म्हातारी असली तर पाखराऐवजी आपल्या झाडाची संत्री द्यायचे. मी हसायचो. आज स्वतःच्या त्या हसण्याची लाज वाटते.

ठेकेदाराची तर मला तेव्हाही शिसारी यायची. हा मनुष्य पाखरू पडलं की धावत सुटायचा आणि पाय धरून वर उचलायचा, "माह्याच बारानं पडलं! पायलं का नाई मास्तर?" त्याचा बार आभाळात गेलेला असायचा. अर्धमेलं तितर तसंच थैलीत कोंबायचा. थैली त्याच्या मांडीवर आपटत हलत राहायची आणि हा तंबाखू मळत राहायचा. भाऊ थैली घ्यायचे, मान मोडून पाखराला सोडवायचे. ठेकेदार विहिरीच्या थारोळ्यावर, पाण्याच्या दगडी कुंडाशी, पिसं उपसून तिथंच टाकायचा, रक्ताचे हात प्यायच्या पाण्यात बुडवायचा. एकदा बसलेल्या मादीवर त्यानं बार टाकला. भाऊ गेले, खालची अंडी पाहिली आणि त्या दिवशी शिकारच बंद केली. ठेकेदार म्हणाला, "भाऊ, तुमी तं देवमाणूस बाप्पा!" आणि खो-खो हसला. थू! त्याच्या जीपमध्ये बसून तालुक्याला जायचा मला कंटाळा नव्हता, हेही खरंच.

पण ठेकेदार लुच्चा होता तो उघड्यावर. माझी गोष्ट वेगळी आहे.

एके दिवशी वाटे करताना माझ्या लक्षात आलं, की भाऊ नावं नेहमी एकाच क्रमानं घेतात. पहिलं वावरवाल्याचं. दुसरं ठेकेदाराचं, कारण तो बाहेरगावचा, पाहुणा. तिसरं मास्तरचं. आणि मग आपलं, "आता रायला तो माहा." पाठ फिरवायची ती कोणाला काय गेलं ते कळू नये म्हणून, आणि नावं मात्र मानापानानं घ्यायची! स्वतःचं नाव दुसऱ्याच्या आधी घेणं त्यांच्या जिभेला जमलंच नसतं. एवढा हुशार माणूस, पण आपल्या या रीतीनं अख्खी पाठ फिरवणंच फुकट जातंय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

मग काय! तिसऱ्या खेपेला माझं बोट कुठं जायचं ते सांगायला नको. सगळ्यात भरलेला, छरा कमी लागलेला वाटा दाखवून मी विचारायचो, "हा कोणाचा?" भाऊ म्हणायचे, "मास्तरचा." शेवटी उरायचं ते चिंध्या झालेलं पाखरू. ठेकेदाराला दोन-तीन रविवारांत उमगलं. त्यानं मला डोळा मारला. त्यानंतर त्याच्या वाट्यातही चांगली पाखरं जाऊ लागली आणि जीप माझ्या दारापर्यंत येऊ लागली. मी त्याला आतून शिव्या घालायचो आणि त्याच्याच डोळ्याच्या इशाऱ्यावर बोट फिरवायचो. चार-पाच वर्षं हे चाललं. एका पाखरात मांस ते किती असतं हो? मूठभर. त्या मूठभरासाठी!

एका पौषात भाऊ तापातून उठलेल्या वहिनींना घरी ठेवून आले होते. आम्हाला त्यांनी काही सांगितलं नाही. त्या दिवशी पाखरं कमी पडली, तीन तितर आणि दोन लावे. भाऊ नेहमीसारखे पाठ करून बसले, पण बसण्याआधी क्षणभर त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं. कधी पाहत नसत. मी बोट फिरवलं. वावरवाल्याला एक तितर, ठेकेदाराला एक, मला एक तितर आणि वर एक लावा. भाऊंना उरला दुसरा लावा. पोट फुटलेला, आतली घाण पिसांवर आलेली, वास मारणारा. भाऊंनी तो उचलला, पळसाच्या पानात बांधला आणि म्हणाले, "चला, निंघतो मी. घरी वाट पाहून रायले." ठेकेदार तोंडावर हात ठेवून हसत होता. मी बुटांच्या लेसशी खेळत होतो.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. वहिनी बाजेवर बसलेल्या, गालफडं आत गेलेली. भाऊ वावरात होते. मी काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "टायफॉईड होता महिनाभर. डॉक्टरनं पाखराचं सूप पे म्हटलं होतं, म्हणून हे गेले होते. आणलं तं वासच येत होता त्याचा. कुत्र्याले टाकलं." मी म्हटलं, भाऊंनी आम्हाला सांगायचं होतं. वहिनी हसल्या. "ते काहून सांगतीन? वाट्यात जास्तीचं मांगणं त्यायच्या कायद्यात बसत नाई. अन् ह्यायचं नशीबच तसं, मास्तर. इतक्या वर्षांत आमच्या घरी एक धड पाखरू आलं नाई."

माझ्या घरी त्याच तितराचा रस्सा दोनदा वाढून घेतला होता मी.

त्यानंतर भाऊंनी बंदूक ठाण्यात जमा केली. डोळ्याला दिसत नाही म्हणाले. मी बदली मागून घेतली, अकोल्याला गेलो, मग अमरावतीत घर बांधलं. ठेकेदाराशी बोलणं तोडलं. तोडताना मोठा ताव आणला होता, जसा काही मी धुतलेला तांदूळ! एक प्रश्न मात्र राहिला. भाऊंना कळलं होतं का? विचारायचं तर आधी सांगावं लागणार, आणि सांगायला तोंड कुठं होतं.

मागच्या हिवाळ्यात भाऊंकडे गेलो. ती आमची शेवटची भेट, पुढं उन्हाळ्यात ते गेले. विहिरीवर संत्र्यांचा ढीग पडला होता. भाऊ वाळून काडी झाले होते, पण मला पाहून हरखले. "आले का मास्तर! बरं झालं. वाटे करून रायलो. राखणदाराचा, ठेकेदाराचा, तुमचा अन् माहा."

"ठेकेदाराचा?" मी चिडून म्हटलं. "तो तोंड तरी दाखवतो का तुम्हाला?"

"न दाखवो. संगं फिरलेला माणूस आहे, त्याचा वाटा जाईन. तुमी बसा तिकडं तोंड करून. आज बोट मी दाखवतो."

मी बसलो. पाठीमागं संत्री हलल्याचा आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या जागी बसलो होतो, आणि मागं काय चाललंय ते कळत नसताना गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा समजलं.

"हा कोणाचा?"

"राखणदाराचा," मी म्हणालो.

"हा कोणाचा?"

नाइलाजानं ठेकेदाराचं नाव घेतलं.

"हा कोणाचा?"

"तुमचा, भाऊ."

"अन् हा?"

"उरला तो माझा."

वळून पाहिलं. राखणदाराचे आणि ठेकेदाराचे वाटे सारखे, बरे. भाऊंच्या वाट्यात तडकलेली, पाखरांनी टोचलेली पाच-सहा संत्री. आणि माझ्या वाट्यात बागेतली निवडक, पिवळीधमक, एकाला डाग नाही.

भाऊ हसत होते. "तुमी आता आपलं नाव शेवटी घेसान, हे मले मालूम होतं."

"भाऊ, मी तेव्हा..."

"थैली आणली का नाई? का देऊ?" म्हणत ते उठले आणि आत थैली शोधायला गेले.

मी ती संत्री घेऊन एसटीनं घरी आलो. बायकोनं एक सोलून फोड हातावर ठेवली. तोंडात घातली आणि उठून मोरीत थुंकलो.

"काहून, आंबट निंघालं का?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "गोड आहे."