रेग्युलेटर ठीक होता

मुलीचा निरोप रविवारी दुपारी आला. ती हल्ली एका थंड देशात शिकते. तिथल्या तळ्यात तिने डायव्हिंगचा कोर्स सुरू केलाय. ‘बाबा, स्वतःचा रेग्युलेटर घेतेय. कुठला घेऊ?’

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो. टाकीत कोंबलेली हवा आपल्याला श्वासापुरती सोडणारं हे यंत्र; एक भाग टाकीच्या तोंडावर बसतो, दुसरा आपल्या तोंडात. आपल्याकडच्या कोमट समुद्रात साधासुधाही चालून जातो. आम्ही सरावाला जायचो ती बेंगळुरूबाहेरची पाणी भरलेली दगडखाण वेगळी. तिथे तळाला हात लागला की गाळ उठतो, म्हणून आत पाणी शिरू न देणारा, सील केलेला बरा. थंड पाण्यात तर सील हवंच. नाहीतर आत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभस निघून जाते.

मी हे टाइप करत होतो. बायको खांद्यावरून वाचत होती.

“तिला नादी लावू नकोस,” ती म्हणाली. “माझ्यावर गेलीय ती. ऐनवेळी हातपाय गाळेल.”

माझी बोटं थांबली. आठ वर्षं हे वाक्य मी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आलोय, आणि आठ वर्षं गप्प बसलोय.

खरं तर पाण्यात मला तिनेच नेलं. पुण्याहून लग्न होऊन ती मल्लेश्वरमच्या आमच्या घरी आली. माझं कानडी वळणाचं ‘स्वल्प थांब’ ऐकून हसायची. पाण्याखाली मात्र थांबायची वेळ तिच्यावर यायची. माझी टाकी संपत आली तरी तिची अर्धी असायची, इतका तिचा श्वास संथ. मला समुद्राची ओढ आहे असं मित्र म्हणतात. मला समुद्र फारसा आठवत नाही. आठवते ती माझ्या थोडी पुढे, हात पोटाशी धरून तरंगणारी, आणि तिच्या डोक्यावरून निवांत वर जाणारे बुडबुडे.

समुद्रावरून आलं की रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुवायचे. ते काम माझं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात नळाला कावेरीचं पाणी चार-चार दिवस येत नव्हतं, म्हणून मी बादलीत बोअरचं घेतलं. त्या पाण्याने आमच्या गीझरची कॉइल पांढरीफेक होते, हे मला ठाऊक होतं. धुताना टाकीकडच्या तोंडाला झाकण लावायचं असतं, नाहीतर पाणी थेट आत शिरतं. माझ्या रेग्युलेटरला मी लावलं. तिच्याला विसरलो. तो दिवसभर तसाच बुडून राहिला. संध्याकाळी लक्षात आलं. झटकला, पुसला, झाकण लावलं आणि माळ्यावर ठेवून दिला. म्हटलं, वाळेल.

सहा महिन्यांनी बोटीवर तिने त्यातून दोन श्वास घेतले. ठीक होता. वर ठीकच लागतो. पंधरा मीटरवर तिने माझा दंड घट्ट धरला आणि तोंडाकडे बोट केलं. मी टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा तिचा गेज पाहिला. टाकी भरलेली होती, पण तिने श्वास ओढला की काटा खाली पडायचा, सोडला की वर यायचा. हवा होती, वाटेत अडत होती. मला त्याच क्षणी कळलं. बादलीसुद्धा डोळ्यांसमोर आली. माझ्याच टाकीला जोडलेला जादाचा रेग्युलेटर तिच्या तोंडात दिला आणि आम्ही सावकाश वर आलो.

बोटीवर ती म्हणाली, “सॉरी रे. माझाच धीर सुटला.”

“होतं असं,” मी म्हणालो.

इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरला गॅसचे, ऑक्सिजनचे रेग्युलेटर दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत, आपल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांनी तो उघडला आणि आतली हवेची जाळी चिमट्यात धरून दाखवली. शेंगदाण्याएवढी, हिरवी, वर चुन्याचा थर. ती मी खिशात घातली. घरी बायकोने विचारलं, “काय होतं?” मी म्हणालो, “काही नाही. ठीक होता.”

त्यानंतर एकदाच आम्ही समुद्रावर गेलो. ती वाळूत माझ्या चपला सांभाळत बसली. मग मीही जाणं सोडलं.

मुलीचा निरोप आला त्या रविवारी मी कपाटातून गोळ्यांची जुनी डबी काढली आणि जाळी बायकोच्या तळहातावर ठेवली. सगळं सांगितलं. बादलीपासून.

“काटा हलत होता?”

“हो.”

“तू बघितलास?”

“हो.”

तिने जाळी पुन्हा डबीत टाकली. मग म्हणाली, “उद्या शिवाजीनगरला जायचंय. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.” माझ्या शब्दावर तिने का विसंबावं?

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “ही? ही कशी विसरेन, अक्का! यांना म्हटलं होतं, फेकू नका, घरी दाखवा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पान्यांकडे पाहिलं.

“यातून खाली श्वास घेता आला असता?”

“वर स्वल्प स्वल्प येईल. खाली हत्तीनं ओढला तरी नाही.”

“म्हणजे बाई घाबरट होती म्हणून नाही?”

“हवाच नाही, तर घाबरटपणाचा काय संबंध?”

तिने मान हलवली. डबी मला परत दिली नाही, पर्समध्ये टाकली. रिक्षात ती एका कडेला, मी दुसऱ्या. माझ्याकडे न बघता तिने मुलीला फोन लावला.

“सील असलेलाच घे. थंड पाण्याचा आहे ना, नीट विचारून घे. धुताना झाकण लाव. आणि सुट्टीत इकडे आणलास तर बाबाला धुवायला देऊ नकोस.”

मुलगी पलीकडे हसली. ही हसली नाही.

“आणि ऐक. खाली श्वास जड लागला तर आधी काटा बघ,” ती म्हणाली. “मग स्वतःला भित्री म्हण.”